डायल परत येईपर्यंत

धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी बरीच वर्षं बाहेरगावाहून येणाऱ्या कॉलच्या बोर्डावर बसले. खिशात फोन घेऊन वाढलेल्या पिढीला हे काम समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. जळगावची, सुरतेची किंवा नाशिकची ऑपरेटर तिकडून आमच्या बोर्डावर दिवा लावायची. मी त्या दिव्याखालच्या भोकात कॉर्ड, म्हणजे वायरीची पिन, घालायची. ती गावातला नंबर सांगायची, मी तो एकदा परत म्हणून दाखवायचा असा नियम होता, आणि मग डायल फिरवायची. कॉल जिथून निघतो तिथे चिठ्ठी भरतात. जिथे पोचतो तिथे चिठ्ठी नाही, वही नाही, काही नाही. नंबर कानात पडला की तो डोक्यातच ठेवायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण डायल फार सावकाश परत यायची. नऊ किंवा शून्य फिरवलं की ती कुरकुरत मागे येईपर्यंत बोट हवेत धरून बसावं लागे. एक नंबर पूर्ण व्हायला सहा-सात सेकंद जात आणि तेवढ्यात बोर्डावर आणखी दोन दिवे लागलेले असत. पलीकडची ऑपरेटर घाईत ओरडत असे, ‘धुळे, लवकर!’ त्या सहा-सात सेकंदांत नंबर हातचा निसटला की गेला. माझी नोकरी एवढ्या सेकंदांवर उभी होती.

आणि मी त्यात पटाईत होते. महिन्याच्या शेवटी कोणी किती कॉल जोडले ते सुपरवायझर साहेब फळ्यावर खडूने लिहीत. मी कायम पहिली. मला त्याचा गर्व होता आणि तो लपवण्याइतकी मी सभ्य नव्हते. लग्न दोन वर्षांत मोडून मी माहेरी परत आले होते. आमच्या गल्लीत माझी ओळख ‘परत आलेली’ एवढीच. एक्स्चेंजमध्ये मात्र मी पहिली होते. सकाळी हेडफोन कानावर चढवला की संध्याकाळपर्यंत मला कोणाची कीव सोसावी लागत नसे. त्या बोर्डासमोरची खुर्ची म्हणजे मीच, असं मी धरून चालले होते.

माझ्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर अक्का बसत. वयाने माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सगळे त्यांना अक्काच म्हणत, साहेबसुद्धा. घरी त्या अहिराणी बोलत, बोर्डावर आमच्यासारखंच शुद्ध बोलायचा प्रयत्न करत. त्यांचे कॉल फळ्यावर नेहमी सगळ्यात खाली असत. एकाच ऑपरेटरला त्या दोन-दोनदा विचारत, ‘नंबर पुन्हा सांगा, बाई.’ मी त्यांना तोंडावर मालगाडी म्हणत असे. त्या हसत आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या पोळीवर ठेवत.

त्यांना एक खोड होती. त्या सारख्या पुटपुटत. हेडफोन एकाच कानावर असे, त्यामुळे माझा डावा कान उघडा असायचा आणि त्यात दिवसभर अक्कांचं ते बारीक पुटपुटणं पडत राहायचं. शब्द कळत नसत, मी कळून घेण्याच्या भानगडीत पडलेही नाही. दोनदोनच्या ठेक्यात काहीतरी चालू असे. सप्तशृंगीचा जप करत असतील असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. देवीचं नाव घेताना कॉल कसे वाढतील, असंही मी एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाले होते. सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या.

आठव्या वर्षीच्या चैत्रात आमच्या खोलीतला पंखा बिघडला आणि दहा दिवस तसाच राहिला. खानदेशातला चैत्र ज्यांनी पत्र्याखाली काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. माझं डोकं ठणकायचं. पंख्याचा आवाज गेल्यामुळे ते पुटपुटणं जास्तच ऐकू यायला लागलं. एक दिवस मी भडकले आणि साहेबांना अर्ज लिहून दिला: शेजारील ऑपरेटर कामाच्या वेळेत सतत पुटपुटतात, त्यामुळे लक्ष विचलित होते, तरी योग्य ती व्यवस्था व्हावी. अक्षर सुंदर काढलं होतं. राग आला की माझं अक्षर सुंदर येतं.

साहेबांनी अक्कांकडून लेखी खुलासा घेतला आणि आठवड्याभरात त्यांना चौकशीच्या टेबलावर बसवलं. तिथे लोक नाव सांगत आणि अक्का जाड पुस्तकात नंबर शोधून देत. त्यांच्या जागी एक नवी मुलगी आली. गुणी होती, तिच्या तोंडून कामाशिवाय अक्षर निघत नसे. मला वाटलं, चला, सुटले.

दुसऱ्याच दिवशी माझा एक कॉल दवाखान्याऐवजी लाकडाच्या वखारीत लागला. हसून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी दोन चुकले. मग रोज. चुकाही विचित्र होत्या. नंबर अख्खा विसरला असता तर परत विचारता आला असता. माझं तसं होत नसे. आधीच्या कॉलचे पहिले दोन आकडे आणि आत्ताच्या कॉलचे शेवटचे दोन, अशी अर्ध्या-अर्ध्याची मोट बांधून मी ठामपणे डायल फिरवायची आणि तिसऱ्याच घरात घंटी वाजायची. आपण चुकतोय असं क्षणभरही वाटत नसे. त्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली.

मग सुरतेचा तो कॉल आला. सुरतेला एकाचे वडील वारले होते आणि तो धुळ्यातल्या भावाला कळवत होता. लाईन खराब होती. मी नंबर घेतला, परत म्हणून दाखवला, डायल केला आणि लगेच दुसऱ्या दिव्याकडे वळले. पलीकडे कोणी उचलला त्याला सुरतेचा माणूस ओरडून एवढंच सांगू शकला, ‘आबा गेले, आबा गेले, निघा!’ आणि कॉल तुटला. घर चुकीचं होतं. पण त्या घरातही एक आबा होते आणि ते सकाळीच पाचोऱ्याला बैल बघायला गेले होते. बायकांनी रडायला सुरुवात केली. गल्ली गोळा झाली. एक जण तिरडीचं सामान आणायला निघाला, दोन जण पाचोऱ्याच्या बसला बसले. ते आबा संध्याकाळी साडेपाचच्या बसने उतरले आणि आपल्या दारातली गर्दी बघून, कोण गेलं म्हणून विचारायला लागले. खऱ्या भावाला निरोप मिळाला तोवर रात्र झाली होती. सुरतेला त्याच्यावाचून अग्नी दिला गेला.

आबांच्या घरचे दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये आले ते भांडायला. पण सांगता सांगता त्यांनाच हसू फुटलं, आणि ते चहा पिऊन गेले. ज्याला निरोप उशिरा मिळाला तो खरा भाऊ मात्र आला, नुसता बोर्डाकडे बघत उभा राहिला आणि निघून गेला. मला त्याचा चेहरा अजून आठवतो. साहेबांनी मला आत बोलावलं. ते चांगले गृहस्थ होते, आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘बाई, तुमच्या डोक्याला काही झालं असेल तर इलाज करा. पंधरा दिवस रजा घ्या, डॉक्टरांचा कागद आणा. त्यानंतर एकही कॉल चुकला तर मला तुम्हाला बोर्डावरून काढावं लागेल.’ मी मान डोलावली. आपल्या डोक्यात गाठ झाली आहे, याबद्दल माझी तोवर खात्री पटली होती.

त्याच सुमारास धुळ्यात कोणीतरी सांगितलं की जळगावला एक मेंदूचे डॉक्टर आलेत, त्यांच्याकडे डोक्यातली वीज कागदावर उतरवणारं मशीन आहे. माझी मावशी जळगावलगत पिंप्राळ्याला राहायची. पारोळा, एरंडोल करत एसटीने तिच्याकडे गेले. आदल्या दिवशी डोकं धुवून या, तेल अजिबात नको, असं दवाखान्यातून बजावलं होतं. मावशीला ते पटेना. डॉक्टरांपुढे असं पिंजारलेल्या केसांनी जातात का, असं म्हणत तिने सकाळी मी चहा पीत असताना मागून येऊन तळहातभर तेल थापलंच. दवाखान्यात माझा नंबर लागला तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाने केसांना हात लावला, सुस्कारा सोडला आणि मला साबण देऊन नळावर पाठवलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दहातल्या आठ बाया अशाच येत. डॉक्टरकडे जायचं म्हणजे चापूनचोपून जायचं, हे त्यांच्या आयांनी शिकवलेलं असतं.

तंत्रज्ञ पन्नाशीचा, फैजपूरचा, रोज बसने येजा करणारा. त्याने माझ्या डोक्यावर पांढऱ्या लुकणाने वीसेक तारा चिकटवल्या. शेजारी मशीन होतं, त्यात शाईच्या पेनांची एक रांग, खाली सरकत जाणारा कागद. मशीन सुरू झालं आणि सगळी पेनं खरखरायला लागली. डोळे मिटा, उघडा, जोरात श्वास घ्या, असं अर्धा तास चाललं. मग डॉक्टर आले. वय माझ्याएवढंच असेल. त्यांनी कागदाची चळत उलगडून पाहिली आणि म्हणाले, ‘गाठ नाही, फिट नाही. कागद स्वच्छ आहे.’

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. गाठ नसेल तर चुका माझ्या होत्या. मी त्यांना सुरतेच्या कॉलचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग तारा तशाच ठेवून तंत्रज्ञाला म्हणाले, यांना आकडे सांगा, दहा सेकंद थांबा, मग विचारा.

तंत्रज्ञाने सात आकडे सांगितले. मी डोळे मिटून बसले. त्याला सवय होती, सेकंद मोजताना तो पेन्सिलीने टेबलाच्या कडेवर ठोके द्यायचा, टक, टक, टक. दहा ठोके झाले, त्याने विचारलं, मी सातही आकडे सांगितले. परत केलं, परत बरोबर. पाच-सहा वेळा झालं. डॉक्टर म्हणाले, ‘तुमचं तर उत्तम आहे, मला सात येत नाहीत.’ मला जरा बरं वाटलं. इतक्यात बाहेर कोणीतरी रडायला लागलं आणि तंत्रज्ञ उठून गेला. डॉक्टर स्वतः त्याच्या स्टुलावर बसले, हातात घड्याळ घेतलं आणि सात आकडे सांगितले. दहा सेकंद खोलीत नुसती पेनांची खरखर. मी तोंड उघडलं तर चारच आकडे निघाले, आणि त्यातले दोन आधीच्या खेपेचे.

आणखी तीनदा केलं. तीनदा चुकले. डॉक्टर मात्र खूश झाले होते. मला त्यांचा तो आनंद आवडला नाही. तंत्रज्ञ परत आल्यावर त्यांनी त्याला पूर्वीसारखं पेन्सिलीने ठोके देत बसायला सांगितलं, आणि माझे आकडे परत जुळायला लागले.

त्यांनी मग मला उठवून कागद दाखवला. डोक्याच्या पुढच्या भागाची एक रेघ होती, मागच्या भागाची एक. ठोके चालू असतानाच्या कागदावर, मी आकडे धरून बसलेली असताना, पुढची रेघ संथपणे झुलत होती आणि मागची तिच्याशी पाऊल जुळवून चालत होती. ठोके बंद असतानाच्या कागदावर दोघी आपापल्या वाटेने गेल्या होत्या. मी काही शिकलेली नाही, पण एवढं मलाही दिसलं. डॉक्टर लहानपणी खेड्यात वाढलेले असावेत. म्हणाले, ‘एका उखळात दोघी जणी मुसळं घालतात ते पाहिलंय ना? हिचं वर गेलं की तिचं खाली. आकडा डोक्यात एका जागी ठेवलेला नसतो. पुढचा भाग आणि मागचा भाग मिळून तो कांडत राहतात, तोवर तो असतो. ताल सुटला की आकडा सांडतो, आणि शेजारचा दुसरा त्यात मिसळतो.’ मग थांबून म्हणाले, ‘हे मी छातीठोकपणे सांगत नाही. पुस्तकात यावर वाद आहेत. मला तुमच्या कागदावर असं दिसतंय, एवढंच.’

पुढे अनेक वर्षांनी वाचनात आलं की मेंदूचा अभ्यास करणारे आता साधारण असंच म्हणतात. एखादी गोष्ट काही सेकंद मनात धरायची असेल तेव्हा पुढच्या आणि मागच्या भागांच्या लाटा एकमेकींशी ताल धरतात, आणि संथ लाटेच्या पोटात बारीक लाटा ठरावीक जागी बसतात, जणू एकेका आकड्याला त्यात जागा असते. बाहेरच्या ठोक्याने हा ताल सगळ्यांचाच सावरतो की नाही, यावर मात्र अजून एकमत नाही असं दिसतं. माझ्यापुरता तो सावरत होता. मी ते पान दोनदा वाचलं आणि बाजूला ठेवलं. मला त्यातली दोन्ही टोकं, ताल धरलेलं आणि ताल सुटलेलं, आधीच माहीत होती.

डॉक्टरांनी विचारलं, ‘कामावर तुमच्यासाठी ठोके कोण देतं?’

‘कोणी नाही,’ मी म्हणाले. मग आठवलं म्हणून म्हणाले, ‘शेजारी एक बाई असायच्या. त्या पुटपुटायच्या.’

‘असायच्या म्हणजे?’

‘मी तक्रार करून त्यांना हलवलं.’

तंत्रज्ञाची पेन्सिल थांबली. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांना ते जड गेलं असावं. ‘मग बाई,’ ते म्हणाले, ‘मी औषध तरी काय लिहून देऊ?’

एसटीत मला माझा राग आला नाही, हे इथे लिहायला हवं. मला हायसं वाटलं. कारण सापडलं होतं आणि उपाय सोपा होता. अक्कांना परत शेजारी बसवायचं. पंख्यासारखंच ते. पंखा दुरुस्त झालाय, अक्काही जागेवर आल्या की झालं. त्यांच्या जपाचा मला ताल मिळत होता, एवढाच माझा समज होता, आणि हे त्यांना सांगितलं तर त्यांना बरंच वाटेल असं मला वाटत होतं. देवीची कृपा वगैरे म्हणतील, असाही अंदाज मी बांधला होता.

धुळ्याला उतरले ती शनिवारची दुपार. तशीच साहेबांकडे गेले, डॉक्टरांचा कागद दिला, आणि माझा अर्ज मागे घेते म्हणाले. साहेबांनी फाईल काढली. माझ्या सुंदर अक्षरातल्या अर्जाला अक्कांचा खुलासा टाचलेला होता. एकच ओळ होती, गोल गोल अक्षरात: तक्रार खरी आहे, मी बोलते, यापुढे बोलणार नाही. साहेब म्हणाले, ‘त्यांनीच कबूल केलंय, आता मी काय करू? त्या स्वतःहून परत येते म्हणाल्या तर बसवतो. पण सोमवारी तुम्ही बोर्डावर, आणि आपलं ठरलंय ते ठरलंय.’ एक कॉल चुकला की संपलं. अक्कांना राजी करायला माझ्यापाशी दीड दिवस होता.

अक्का देवपूरला राहत, पांझरेच्या पलीकडे. गेले तेव्हा त्या गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, उलटत होत्या. मला पाहून त्यांनी पदराने घाम पुसला.

‘इतला उनमा कसाले ऊनी, पोरी? बठ.’

मी सावलीला बसले आणि सगळं सांगितलं. जळगाव, तारा, पेन्सिलीचे ठोके, उखळ आणि मुसळं. त्या उलटता उलटता ऐकत होत्या. शेवटी मी म्हणाले, ‘म्हणजे अक्का, तुमच्या त्या जपाचाच मला आधार होता बघा. मला कळलंच नव्हतं.’

अक्कांचा हात थांबला. ‘जप?’ त्या म्हणाल्या. ‘मी कसाना जप करस! तुना नंबर बोलू मी.’

मला कळेना. माझा नंबर म्हणजे काय, असं मी विचारलं.

‘तू परत म्हनीसन दखाडे ना, तो. तुनी डायल फिरे तवलोंग मी बोलत राहू.’ मी नियमाप्रमाणे नंबर परत म्हणून दाखवायची, तो ऐकून माझी डायल परत येईपर्यंत अक्का तो दोनदोनच्या जोडीने म्हणत राहायच्या. माझ्या उघड्या कानात. आठ वर्षं.

‘पहिला हप्तामा तुना बठ्ठा नंबर चुकेत,’ त्या सांगायला लागल्या, जशी काही कोणा तिसऱ्याच मुलीची गोष्ट. ‘तू जिनावर जाईसन रडे. तुनं नवीनच मोडेल व्हतं, डोकामा काय राही? मी म्हनं, हाई पोर आठे टिकाव नही. म्हनीसन बोलाले लागनी. मंग सवय पडी गयी.’

पहिल्या आठवड्यात सगळे नंबर चुकल्याचं, इथे टिकणार नाही अशी अवस्था झाल्याचं, जिन्यावर रडल्याचं मला आठवत नव्हतं. आठवतो तो फळा आणि वरचं माझं नाव. मी विचारलं, खुलाशात हे का लिहिलं नाही.

‘लिखी देती, ते तुनी खुर्ची जाती.’

काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि खरंच कळून घ्यायचं होतं म्हणूनही, मी विचारलं, ‘पण अक्का, तुमच्या बोर्डावरही दिवे लागत होते. दोन-दोन नंबर एकदम कसे धरायच्या तुम्ही?’

‘दोन कोठे?’ अक्का म्हणाल्या. ‘तुना धरू. मना सुटी जाये. मंग पलीकडलीले परत इचारू.’

‘नंबर पुन्हा सांगा, बाई,’ असं त्या का म्हणत, ते मला तेव्हा कळलं. मला लाज वाटली. अशी लाज मला लग्न मोडलं तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा लोकांनी सांगितलं होतं की लाज वाटायला हवी. इथे कोणी काही सांगत नव्हतं. अक्का पुढचा बिबडा उलटत होत्या.

खुर्चीचं काय झालं ते सांगून टाकते. ती राहिली. सोमवारपासून मी माझा नंबर स्वतःच मोठ्याने, डायल परत येईपर्यंत म्हणत राहायला लागले. चुका थांबल्या, कॉल पुष्कळ घटले. नव्या मुलीने तक्रार केली नाही, तिचा स्वभाव चांगला होता. नव्वद सालानंतर एसटीडी आलं, लोक स्वतःच थेट परगावचा नंबर फिरवायला लागले आणि बोर्डच गेला. पण त्या शनिवारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त सोमवार दिसत होता, आणि त्या माणसाचा बोर्डाकडे बघत उभा राहिलेला चेहरा. म्हणून इतकं सगळं ऐकल्यावरही माझ्या तोंडून जे निघालं, ते निघालं.

‘मग सोमवारपासून परत येता का, अक्का, बाजूला?’

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. नुसतं पाहिलं, जिन्यावर रडणाऱ्या मुलीकडे पाहिलं असेल तसं.

‘नही, पोरी,’ त्या म्हणाल्या. ‘आते मना नंबर माले धरू दे.’

मग त्या चहा ठेवायला खाली गेल्या.